उभ्या गाडीचे ब्रेक



आजचा प्रश्न ऐकायला गॅरेजमधला वाटेल. जुन्या गाडीचे ब्रेक खराब होतात ते गाडी पळून पळून, की उभी राहून राहून?

तुमच्यापैकी बरेच जण पेटच्या नाहीतर नेटच्या तयारीत आहात आणि संशोधन-पद्धतीच्या पेपरासाठी 'कार्यकारणभाव', 'पर्यायी गृहीतक', 'नमुना-निवडीतला दोष' असे शब्द पाठ करत आहात. ते पाठ करण्यापेक्षा एखाद्या खऱ्या वस्तूवर चालवून बघितले तर लवकर कळतात. माझा पीएचडीचा विषय धातूवर पडणारा खड्ड्यांचा गंज, म्हणजे पिटिंग. जुन्या ब्रेक कॅलिपरशी माझी ओळख झाली ती त्यामुळे. गाड्यांची हौस मला बेताचीच. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, की एका विशिष्ट गाडीच्या कॅलिपरबद्दल लोक पन्नास वर्षांहून जास्त काळ भांडत आहेत, आणि ते भांडण मुळात 'कारण कशाला म्हणायचं' याचं आहे. ती गाडी म्हणजे अमेरिकेतली शेव्हरोले कॉर्व्हेट, १९६५ ते १९८२ या काळातली.

आधी कॅलिपर म्हणजे काय ते बघून घेऊ. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते, ती डिस्क. त्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळीतून कॅलिपरच्या सिलिंडरमध्ये शिरतं, तिथला पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कवर दाबला जातो. हे 'ऑइल' बहुतेक गाड्यांमध्ये तेल नसतंच, ग्लायकॉल-ईथर वर्गातला द्रव असतो. पण गॅरेजमध्ये त्याला ऑइलच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये रबराचं सील असतं. ऑइल बाहेर येऊ द्यायचं नाही आणि हवा आत जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. आजचा बराचसा लेख या सीलभोवती फिरणार आहे.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या हॅचबॅकमध्ये पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, आणि पुढचा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन एकाच बाजूला, आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून पलीकडचा पॅड ओढून घेतो. पिनांचं ग्रीस वाळलं, रबरी बूट फाटून पाणी शिरलं, की कॅलिपर जाम होतो आणि एक पॅड दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त झिजतो. कोकणात पावसाळाभर उभी राहिलेली गाडी ज्यांनी गणपतीत चालू केली आहे, त्यांना ब्रेक धरून बसणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. कॉर्व्हेटचा कॅलिपर याहून वेगळा, जागेवर घट्ट बसवलेला आणि दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला.

वेगाचा इतिहास

पुस्तकांमध्ये डिस्क ब्रेकची गोष्ट १९०२ पासून सुरू होते. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्या वर्षी त्याचं ब्रिटिश पेटंट घेतलं. त्यांच्या ब्रेकमध्ये धातूच्या तबकडीवर तांब्याचे तुकडे घासायचे आणि त्यातून कान किटवणारी किंकाळी निघायची. हा त्रास पुढे हर्बर्ट फ्रूड यांच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या अस्तराने कमी झाला. फ्रूड म्हणजे 'फेरोडो' या ब्रेक-अस्तरांच्या कंपनीचे संस्थापक. अ‍ॅस्बेस्टॉसच्या त्या धुळीची किंमत नंतर मेकॅनिकांच्या फुप्फुसांनी चुकवली, पण तो स्वतंत्र विषय आहे.

मधल्या चार दशकांत मोटारींवर ड्रमचंच राज्य होतं. डिस्क विमानांच्या चाकांवर वाढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या ब्रेकचा जो अनुभव डनलॉपच्या हाती आला, तो युद्धानंतर जॅग्वारच्या शर्यतीच्या गाडीवर आला. १९५२ साली स्टर्लिंग मॉस यांनी डिस्क ब्रेकवाली सी-टाइप जॅग्वार इटलीच्या मिल्ये मिलिया शर्यतीत उतरवली आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये रँस इथे जिंकलीही. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ल माँची चोवीस तासांची शर्यत सी-टाइपवर जिंकली, आणि सरासरी वेग त्या शर्यतीच्या इतिहासात पहिल्यांदाच तासाला १०० मैलांच्या वर गेला. ड्रम ब्रेक वारंवार दाबले की तापून ढिले पडतात. डिस्क उघड्या हवेत असल्यामुळे लवकर थंड होते. प्रतिस्पर्धी जिथे ब्रेक दाबायला लागायचे, त्याच्या बरंच पुढे जाऊन जॅग्वार ब्रेक दाबायची. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएसने पुढच्या चाकांना डिस्क देऊन ही गोष्ट साध्या ग्राहकापर्यंत आणली.

इथे जरा थांबा. 'पहिला डिस्क ब्रेक कोणाचा?' असा प्रश्न तोंडी परीक्षेत आला तर काय सांगाल? लँचेस्टर म्हणाल तर ते पेटंटच्या दृष्टीने. क्रायस्लरने १९४९ च्या आसपास इम्पीरियल गाडीवर डिस्क दिल्या होत्या, पण त्या बंद डब्यात आतून बाहेर दाबणाऱ्या दोन तबकड्या होत्या. चिमटा नव्हता, म्हणजे कॅलिपरच नव्हता. जॅग्वारचा मान शर्यतीतला आणि डीएसचा मोठ्या उत्पादनातला. चारही उत्तरं आपापल्या व्याख्येत बरोबर आहेत. माझा अनुभव असा, की 'पहिला कोण' हा प्रश्न संशोधनात फार लवकर कोरडा पडतो. तो व्याख्येवर सुटतो, पुराव्याची त्याला फारशी गरजच लागत नाही.

मला जास्त रस आहे तो या यादीत बहुतेक वेळा तळटीपेत जाणाऱ्या गाडीत. सिनसिनाटीच्या पॉवेल क्रॉस्ली यांची छोटी कंपनी छोट्या, स्वस्त गाड्या बनवायची. १९४९-५० मध्ये त्यांनी आपल्या गाड्यांना, हॉटशॉट या स्पोर्ट्स मॉडेललाही, विमानांच्या धर्तीचे कॅलिपरवाले डिस्क ब्रेक दिले. गाडी थांबायची छान. पण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी कॅलिपरमध्ये गेलं, धातू गंजला, पिस्टन अडकले. कंपनीला पुन्हा ड्रमकडे वळावं लागलं, आणि ज्यांनी डिस्कवाली हॉटशॉट घेतली होती त्यांच्यातल्या अनेकांनी ब्रेक काढून ड्रम बसवून घेतले.

विमानाचा ब्रेक नियमित उघडून तपासला जातो. शर्यतीच्या गाडीचा ब्रेक दर शर्यतीनंतर सुटा होतो. या दोन्ही ठिकाणी कॅलिपरची परीक्षा झाली ती उष्णतेची आणि वेगाची. चार महिने मिठाच्या चिखलात उभं राहण्याची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती. ती ग्राहकांनी घेतली, पैसे मोजून.

गळती कुठून होते?

आता कॉर्व्हेट. १९६५ च्या मॉडेलपासून चारही चाकांना डिस्क ब्रेक हे तिचं नेहमीचं साहित्य झालं. त्या काळातल्या अमेरिकी गाडीसाठी ही फार मोठी गोष्ट होती. पावणेबारा इंची, आतून हवा खेळती राहील अशी पोकळ डिस्क, आणि प्रत्येक चाकाला चार पिस्टनांचा बिडाचा कॅलिपर. चार चाकांचे मिळून सोळा पिस्टन, म्हणजे सोळा सिलिंडर आणि सोळा सील. शर्यतीच्या दृष्टीने विचार करणाऱ्या अभियंत्यांनी केलेली रचना आहे हे पाहताच कळतं. वजनदार गाडी उतारावर पुन्हा पुन्हा थांबवायची असेल तर हा ब्रेक आजही लाज आणत नाही. हीच रचना थोड्याफार फरकाने १९८२ पर्यंत चालली, आणि पुढच्या पिढीच्या १९८४ च्या मॉडेलला हलके, सरकते कॅलिपर आले.

पण गाड्या जुन्या व्हायला लागल्या तशी एक तक्रार सगळीकडून यायला लागली. कॅलिपर गळतात. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते, पेडल खाली जातं. मालक नवं किट टाकतो, म्हणजे सील बदलतो, हवा काढतो, काही महिने ठीक चालतं आणि पुन्हा तेच. मग अख्खा कॅलिपरच बदलतो. काही दिवसांनी पुन्हा तेच.

पहिलं स्पष्टीकरण गंजाचं. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-३ दर्जाच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान अपेक्षा १४० अंशांवर येते. ही झाली चालत्या गाडीची काळजी. उभ्या गाडीत तेच पाणी बिडाच्या भिंतीवर काम करत बसतं. पिटिंगची गंमत अशी असते, की एकूण धातू फारसा जात नाही. वजन करून बघाल तर नुकसान नगण्य. पण एका जागी सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो, आणि सीलची धार नेमकी तिथे टेकत असेल तर तेवढ्या खड्ड्यातून ऑइल झिरपतं. किट टाकून उपयोग होत नाही, कारण नवं सील जुन्याच खड्ड्यावर बसतं. या निदानावरचा उपाय १९७०च्या दशकात निघाला. सिलिंडर थोडा मोठा करून आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह मारायची. आपल्याकडे इंजिनाच्या ब्लॉकला लाइनर मारतात तसंच. बिडाचा गंज बंद.

गळती खरोखरच खूप कमी झाली. मात्र काही गाड्यांमध्ये स्लीव्ह मारूनही पेडल मऊ पडायचं. आणि यातली गोंधळात टाकणारी गोष्ट ही, की बाहेर ऑइलचा थेंबही दिसत नसे. गळती नाही, टाकीतली पातळी जवळपास तेवढीच, तरी पेडल स्पंजासारखं. म्हणजे नळ्यांत हवा आहे. मग हवा आत शिरली कुठून?

दुसरं स्पष्टीकरण इथून सुरू होतं, आणि ते कळायला सीलचा आकार बघावा लागतो. आज बहुतेक कॅलिपरमध्ये चौकोनी काटाचं सील असतं. पेडल दाबलं की पिस्टन पुढे जाताना ते थोडं पिळवटतं, पेडल सोडलं की परत सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड आणि डिस्क यांच्यात नाममात्र फट पडते. कॉर्व्हेटमध्ये मात्र ओठासारखी कड असलेलं लिप सील होतं, आणि पिस्टनच्या मागे हलकी स्प्रिंग. ही स्प्रिंग पॅडला कायम डिस्कला टेकवून ठेवते, म्हणजे पेडल दाबल्याबरोबर ब्रेक लागतो, वाया जाणारी हालचाल नाही. ओठाचा स्वभाव असा, की आतून दाब आला की तो भिंतीला आणखी घट्ट चिकटतो. पण बाहेरच्या बाजूने दाब जास्त झाला तर तोच ओठ दुमडतो आणि वाट देतो. सायकलच्या पंपातला वॉशर आठवा. तो एका दिशेला हवा अडवतो, दुसऱ्या दिशेला सोडतो, आणि त्यावरच पंप चालतो.

आता समजा डिस्क थोडी 'आऊट' आहे. रिम आऊट असते म्हणतो तसंच, पण इथे गोष्ट इंचाच्या काही हजारांश भागांची आहे. डोळ्याला दिसणार नाही. स्प्रिंगमुळे पॅड डिस्कला सोडत नाही, त्यामुळे डिस्क डगमगली की पॅड डगमगतो आणि त्याच्या मागचा पिस्टनही आत-बाहेर होतो. चाकाचा परीघ सव्वादोन मीटरहून थोडा कमी धरा. शंभर किलोमीटरच्या प्रवासात चाक सुमारे ४६ हजार वेळा फिरतं, म्हणजे प्रत्येक पिस्टनला तेवढे बारीक हेलकावे बसतात, आणि तेही पेडल सोडलेलं असताना, जेव्हा आत दाब जवळजवळ नसतो. पिस्टन बाहेर जाताना आत किंचित ओढ निर्माण होते, ओठ वाट देतो, हवेचा कण आत. एकदा आत गेलेली हवा ओठ बाहेर सोडत नाही. कॅलिपर हा चक्क पंप झालेला असतो.

आणि डिस्क आऊट का झाली? कारखान्यात ही डिस्क चाकाच्या हबला किंवा दांड्याला रिव्हेट मारून बसवलेली असे आणि मग सगळं एकत्र फिरवून तासून सरळ केलेलं असे. पुढे कधीतरी मागच्या चाकाची बेअरिंगं करायची वेळ आली, किंवा डिस्क झिजली, की मेकॅनिक रिव्हेट ड्रिलने उडवून डिस्क काढायचा. परत बसवताना ती पूर्वीच्याच कोनात बसली नाही, मध्ये गंजाची पापडी राहिली, किंवा बेअरिंगचा खेळ नीट जुळवला नाही, की डिस्क आऊट. ब्रेकच्या कॅलिपरला हातही न लावता झालेलं हे काम सहा महिन्यांनी कॅलिपरच्या तक्रारीच्या रूपात समोर यायचं.

या दोन स्पष्टीकरणांपैकी खरं कोणतं? संशोधनाला बसणाऱ्या माणसाने एवढ्यात बाजू घेऊ नये असं मला वाटतं. आधी दोन्हींना विचारायचं, की तू खरं असशील तर काय दिसायला हवं? गंज खरा असेल तर ऑइल बाहेर दिसलं पाहिजे, सिलिंडर उघडल्यावर खड्डे दिसले पाहिजेत, आणि गाडी नुसती उभी असतानाही त्रास वाढला पाहिजे. डिस्क आऊट असणं हे कारण असेल तर ऑइल बाहेर दिसायची गरज नाही, उभ्या गाडीत काही होणार नाही, हवा काढून गाडी चालवली की त्रास परत येईल, आणि ज्या चाकाची डिस्क कधीतरी उतरवली होती त्याच चाकाशी तो बांधलेला असेल. दोन गृहीतकं एकाच लक्षणाकडे बोट दाखवतात, पण त्यांची भाकितं वेगळी आहेत. ती जिथे वेगळी होतात तिथेच मोजमाप घ्यायचं. आणि एकाच गाडीत दोन्ही कारणं नांदू शकतात, हेही विसरू नका: डाव्या चाकाला खड्डा, उजव्या चाकाला डगमग.

कोण सांगतंय ते बघा

इतिहासाचा विद्यार्थी इथे आणखी एक प्रश्न विचारेल, आणि विज्ञान शाखेतून आलेले आपण तो विचारायला विसरतो. हे स्पष्टीकरण लिहून कोणी ठेवलं आहे? कारखान्याचं दुरुस्ती-पुस्तक हे अधिकृत मेकॅनिकसाठी लिहिलेलं असतं. त्यात भाग कसा उघडायचा, काय मोजायचं, कधी बदलायचा एवढं असतं. तो वारंवार का बिघडतो याची चर्चा तिथे शोधू नका. स्लीव्ह मारून देणाऱ्याच्या लेखी कारण गंज असतं. पुढे लिप सीलच्या जागी साधी गोल ओ-रिंग बसेल असे पिस्टन बाजारात आले. ते विकणाऱ्याच्या लेखी मूळ दोष ओठाच्या सीलचा. डिस्क सरळ करून देणारा कारागीर म्हणतो, ओ-रिंग म्हणजे दुखण्यावर गोळी, डगमग तशीच राहते. प्रत्येक कारणाच्या पिशवीत विकायला एक वस्तू आहे. याचा अर्थ ते खोटं बोलतात असा नाही. त्यांच्याकडे जी गाडी येते ती त्यांच्याच उपायाची गरज असलेली असते, त्यामुळे त्यांना जग तसंच दिसतं.

नमुन्याचाही प्रश्न आहे. आज रस्त्यावर असलेल्या १९६०च्या दशकातल्या कॉर्व्हेट बहुतेक जपलेल्या आहेत. म्हणजे वर्षातले कित्येक महिने गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या, उन्हाळ्यात मोजक्या किलोमीटर चालणाऱ्या. रोज वापरल्या गेलेल्या कितीतरी गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. त्यांचे ब्रेक कसे वागले हे सांगायला आता कोणी नाही. आजच्या मालकांना विचारून 'गंज हेच मुख्य कारण' असा निष्कर्ष काढलात, तर तुम्ही खरं तर उभ्या राहिलेल्या गाड्यांचा अभ्यास केलात. जुन्या इमारती बघून 'पूर्वीचे लोक मजबूत बांधायचे' म्हणणारे आपल्या घरातही असतात, त्यातलाच हा प्रकार.

डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात मांडलं, की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवर बेतण्याऐवजी वापरावर आणि देखभालीवर बेतला तर चित्र वेगळं दिसतं. केव्हिन बोर्ग यांचं अमेरिकेतल्या मोटार-मेकॅनिकांवरचं पुस्तकही याच वाटेवरचं आहे. कॅलिपरच्या बाबतीत हे मला पुरेपूर पटतं. १९०२, १९५३, १९५५, १९६५ या तारखा सगळीकडे सापडतात. पण तोच कॅलिपर वीस वर्षांनी एखाद्या गॅरेजमध्ये तिसऱ्यांदा उघडला गेला, तेव्हाची नोंद तेलकट डायरीत राहिली आणि डायरी रद्दीत गेली. देखभालीवर संशोधन करायचं म्हणाल तर साधनांची ही टंचाई आधीच लक्षात ठेवा. तुमच्यापैकी कोणाला विषय हवा असेल, तर आपल्याकडच्या जुन्या गॅरेजवाल्यांच्या मुलाखती आणि त्यांची बिलबुकं हा मोठा ऐवज आहे, आणि तो दरवर्षी कमी होतोय.

सिट्रोएनची गोष्ट इथे जोडून वाचण्यासारखी आहे, कारण तिथे कंपनीने स्वतःच बाजू बदलली. डीएस गाडीत ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन एकाच उच्च दाबाच्या द्रवावर चालायचं. सुरुवातीचा लाल द्रव ओलावा शोषायचा आणि आतले भाग गंजायचे. १९६६ मध्ये कंपनीने तो सोडून हिरवं खनिज तेल आणलं, ते पाणी ओढत नाही. त्याला चालतील अशी वेगळी सीलं आली आणि भागांना हिरवा रंग दिला गेला, चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून. म्हणजे एकाच शत्रूवर तीन ठिकाणी तीन उत्तरं निघाली. सिट्रोएनने द्रव बदलला, बाकीच्या उद्योगाने सीलचा आकार बदलला, आणि कॉर्व्हेटच्या मालकांनी, कंपनीच्या मदतीशिवाय, सिलिंडरची भिंत बदलली. काहींनी द्रवाचाही मार्ग पकडला आणि सिलिकॉनचं डॉट-५ ऑइल भरलं. अमेरिकी लष्करानेही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या वाहनांसाठी सिलिकॉनच निवडलं होतं. ते पाणी शोषत नाही हे खरं, पण म्हणून पाणी नाहीसं होत नाही. आत आलेला थेंब मिसळण्याऐवजी खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. शिवाय ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही, त्यामुळे जुनं सगळं काढून साफ केल्याशिवाय भरायचं नाही.

हे सगळं वाचून कोणाला खरोखरच जुन्या गाडीचा कॅलिपर उघडायचा असेल तर कामाचा क्रम वरच्या वादातूनच निघतो. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर घ्या. धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपर सोडवलात तर तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. आणि नवा कॅलिपर मागवण्याआधी डायल गेज लावून डिस्क हाताने एक फेरा फिरवा. काटा किती हलतो ते चारही चाकांचं लिहून ठेवा, मग बेअरिंगचा खेळ बघा, आणि मगच सिलिंडर उघडून खड्डे शोधा. पिस्टनला बाहेरून कितीही पॉलिश केलं तरी भिंतीतला खड्डा भरत नाही. सरस कागदाने सिलिंडर घासून खड्डा काढायच्या भरात व्यास वाढतो आणि सील ढिलं बसतं. शेवटी हवा काढताना कॉर्व्हेटच्या मागच्या प्रत्येक कॅलिपरला दोन स्क्रू असतात हे ध्यानात ठेवा, एक बाहेरच्या बाजूला आणि एक आतल्या. आतला दिसत नाही म्हणून बरेचदा तसाच राहतो, आणि मग मऊ पेडलचा दोष नव्या कॅलिपरवर जातो. ब्रेकचं काम पहिल्यांदाच करत असाल तर जाणकार माणूस शेजारी असू द्या. इथे प्रयोग फसला तर आकडा चुकत नाही, माणूस जातो.

कॉर्व्हेटच्या मूळ रूपाची पारख करणारी एक संस्था अमेरिकेत १९७४ पासून आहे. तिथे बिडाच्या भागांवरचे ओतकामाचे क्रमांक आणि तारखाही बघितल्या जातात, भाग त्या गाडीच्याच काळातला आहे ना हे ठरवण्यासाठी. त्यामुळे जुना कॅलिपर फेकून नवा बसवण्यापेक्षा जुन्यालाच स्लीव्ह मारून घेणं मालकांना परवडतं. बाहेरून १९६५ चं बीड, त्यावर १९६५ चा क्रमांक, आणि आत पिस्टन सरकतो तो दहा-पंधरा वर्षांनंतरच्या स्टेनलेस स्टीलवर. तो कॅलिपर मूळचा म्हणायचा की नाही, यावरही वाद आहेत.

पुढच्या भागात फ्रूडकडे परत जायचं आहे, म्हणजे पॅडच्या पदार्थाकडे. तोवर तुमच्या ओळखीच्या एखाद्या गॅरेजवाल्या काकांकडे जुनी बिलबुकं आहेत का, एवढं विचारून ठेवा.